हरलो, माझीच चूक

एकनाथ मास्तर मोबाइल दोन्ही हातांनी धरायचे. काठोकाठ भरलेली ताटली सांडू नये म्हणून धरतात तसा, छातीसमोर, जरा लांब. मग उजव्या हाताचं मधलं बोट पाण्याच्या ग्लासात बुडवायचे, पँटीला पुसायचे आणि पडद्यावर टेकवायचे. तर्जनी वापरायचे नाहीत. पस्तीस वर्षं यंत्रमागावर तुटलेल्या तारांना, म्हणजे धाग्यांना, गाठी मारून मारून तिचं टोक इतकं कोरडं आणि गुळगुळीत झालं होतं, की आपल्यावर माणसाचं बोट टेकलंय हे मोबाइलला कळायचंच नाही. रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशिनलाही कळायचं नाही. "सरकारच्या हिशेबी मी नाहीच," असं ते म्हणायचे आणि खो खो हसायचे.

शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बिघडलेला लूम चालू करणाऱ्या, नव्या कारागिराला हात धरून शिकवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, तसले ते मास्तर. गाव धुळ्याकडचं. लग्न झालं त्या वर्षी सुरतेला आले ते इथलेच झाले. घरी बायकोशी अहिराणी, शेठशी मोडकं गुजराती, कारागिरांशी हिंदी आणि माझ्याशी मराठी. आमचं घर मूळचं परभणीकडचं, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते शब्द जरा इस्त्री करून वापरायचे. लूमच्या आवाजात कान गेलेले, म्हणून सगळ्या भाषा एकाच वरच्या पट्टीत.

आमचं ऑफिस पर्वत पाटियाच्या चौकाजवळ, साड्यांच्या पॅकिंगच्या गोडाउनवर, तिसऱ्या मजल्यावर होतं. मोबाइलवरचे गेम बनवणारी छोटी कंपनी, माणसं सहा. मालक केतनभाई. मी चित्रं काढायची आणि लेव्हली बांधायची. म्हणजे खेळणाऱ्याला कुठल्या पायरीवर काय अडचण यावी आणि तिच्यातून त्यानं कसं सुटावं, हे ठरवायची. मास्तर ऑफिस उघडायला, पाणी भरायला, चहा करायला म्हणून लागले होते. त्यांच्या खात्यात नवीन मशिनं आली तेव्हा जुन्या लूमबरोबर जुने मास्तरही निघाले.

एकदा केतनभाई वैतागून म्हणाले, "आपलाच गेम आपणच खेळून काय समजणार? ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस पाहिजे."

मास्तर कप गोळा करत होते. ऐकू कमी येत असलं तरी नेमकं तेवढं त्यांना ऐकू आलं. "मला काहीच माहीत नाही," ते म्हणाले.

सगळे हसले, पण त्यांना खुर्चीत बसवलं. गच्च्यांवरून पळणाऱ्या एका माणसाचा गेम होता. सुरुवातीला पडद्यावर एक पांढरा हात यायचा आणि इथं दाबा, आता इथं दाबा, असं दाखवायचा. तो हात नेईल तिथं मास्तर बोट टेकवत राहिले. चार-पाच मिनिटांनी त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"मी याला चालवतोय का हा मला चालवतोय?"

"शिकवतोय, मास्तर," मी म्हणाले.

"मी विचारलं होतं का? आधी पडू तरी द्या. पडल्याशिवाय माणूस विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय सांगितलं तर डोक्यात जात नाही." एवढं बोलून ते कप घेऊन धुवायला गेले.

केतनभाईंनी त्या दिवशी पांढरा हात काढून टाकला. दुसऱ्या दिवशीपासून मास्तरांना चहाच्या जोडीला दुसरं काम मिळालं. दुपारी जेवणानंतर दोन तास गेम खेळायचा आणि काय वाटलं ते सांगायचं. सांगताना ते आरडाओरडा करायचे म्हणून मी त्यांना एक दोनशेपानी वही आणून दिली. ती वही म्हणजे मजा होती. मोठमोठं अक्षर, शिरोरेघ आधी मारून घेतलेली, आणि एकेका गेमला तीन-चार ओळी.

"पोरगा उडी मारतो पण त्याला वजन नाही. कागदाचा पोरगा."

"जिंकलो. कशामुळं ते कळलं नाही. मजा नाही."

"हरलो. माझीच चूक. मजा आली."

ही शेवटची ओळ वहीत वरचेवर यायची, आणि ती आली की आम्ही समजायचो, हा गेम चालणार. मास्तरांच्या लेखी गेमची पहिली परीक्षा हीच. हरल्यावर माणसाला स्वतःचा राग आला पाहिजे, गेमचा नाही. मी एकदा विचारलं, असं का? तेव्हा त्यांनी मला लूमचं उदाहरण दिलं. आडवा तार तुटला की लूम जागच्या जागी थांबतो. कुठं तुटलं ते दिसतं, गाठ मारायची, पुढं चालू. उभा तार तुटला तर जुना लूम थांबत नाही. कापड निघत राहतं आणि त्यात बारीक रेघ पडत जाते, ती पार गुंडाळी सोडल्यावर दिसते. "मग शेठ ओरडतो, आणि तुम्हाला आठवतही नाही की ते कधी झालं. गेम आडव्या तारासारखा पाहिजे. चुकलं की लगेच कळावं."

फटाके त्यांना अजिबात चालायचे नाहीत. आमच्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी पडद्यावर फटाके फुटायचे आणि 'जबरदस्त!', 'कमाल!' अशी अक्षरं नाचायची. मास्तर त्या अक्षरांकडे संशयानं बघायचे.

"मी केलं काय? तीन लाल मणी एका ओळीत लावले. याला कमाल म्हणतात?"

"लोकांना बरं वाटतं, काका," आमचा प्रोग्रॅमर मेहुल म्हणाला.

"आमच्या जुन्या शेठनं मला उभ्या आयुष्यात एकदा शाबास म्हटलं. मशिनला आग लागली होती, मी धावत जाऊन मेन बंद केला, तेव्हा. ती शाबासकी अजून लक्षात आहे. हा मोबाइल सकाळपासून चाळीसदा म्हणाला. एकही लक्षात नाही."

गेमच्या संगीताविषयी त्यांचं मत घ्यायचं केतनभाईंच्या मनात होतं, कारण ते संगीत त्यांनी मुद्दाम एका ओळखीच्या वादकाकडून करून घेतलं होतं. मास्तरांनी मोबाइल उजव्या कानाला लावला, मग डाव्या, मग गालाला. "गाणं आहे होय यात? मला वाटलं तापून थरथरतोय." केतनभाई दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण मास्तरांचं म्हणणं असं, की आवाज बंद करूनही जो खेळावासा वाटतो तोच खरा गेम. त्यांचा तर आवाज कायमचाच बंद होता.

त्यांचा स्वतःचा आवडता गेम आमचा नव्हता. मेहुलच्या कॉम्प्युटरवर बाहेरच्या कुठल्या तरी कंपनीचा ट्रक चालवायचा गेम होता. घाटाचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, माल एका गावातून दुसऱ्या गावी न्यायचा, बस्स. मेहुलला तो कंटाळवाणा वाटायचा. मास्तर मात्र जेवणाच्या सुट्टीत तासभर ट्रक हाकायचे, तेही चाळीसच्या वेगानं. मध्येच घाटात गाडी कडेला घ्यायचे आणि खालची दरी बघत बसायचे. एकदा एका निर्मनुष्य चौकात ते लाल सिग्नलला थांबले. मेहुल मागं उभा होता.

"काका, जावा दो ने! पोलीस नथी, कोई नथी."

"कोणी नाही ते दिसतंय मला."

"सिग्नल तोडला तरी पॉइंट कापत नाहीत."

मास्तरांनी नजर हलवली नाही. "तोडायचाच असेल तर खाली जाऊन पर्वत पाटियाला उभा राहीन. तिथं फुकट तोडायला मिळतो. इथं कशाला बसू?" सिग्नल हिरवा झाला, त्यांनी आरशात बघितलं आणि गाडी सोडली.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण मास्तरांची मुख्य आठवण हसण्यासारखी नाही आणि तिच्यात माझा वाटा आहे.

आमच्या कंपनीचा सगळ्यात चांगला गेम मी बांधला होता. साडीच्या काठावर मणी लावायचे. वरून रंगीत मणी पडतात, ते पकडून नक्षी पुरी करायची. सुरतेत घराघरात बायका साड्यांना टिकल्या-मणी लावतात, त्यावरून सुचलेलं. मास्तरांना तो गेम इतका आवडला की वहीत त्यांनी पहिल्यांदाच पाच ओळी लिहिल्या. तेहतिसाव्या लेव्हलपर्यंत रोज 'माझीच चूक' आणि 'मजा आली'.

चौतिसाव्या लेव्हलवर आम्ही तोटी बसवली होती. तोटी हा आमचा ऑफिसातला शब्द. नक्षी पुरी व्हायला शेवटी एक निळा मणी लागायचा आणि तो निळा मणी आम्ही अडवून धरायचो. खेळणारा अगदी जवळ येणार, एका मण्यानं हरणार, चिडून पुन्हा खेळणार, जाहिराती बघणार, आणि शेवटी कंटाळून मणी विकत घेणार. तोपर्यंत तोटी बंद. केतनभाईंची ही कल्पना, पण बसवली मी. पगाराची वेळ पुढं ढकलली जात होती, आणि सगळेच असं करतात हे मलाही माहीत होतं.

मास्तर तीन दुपारी चौतिसाव्या लेव्हलवर बसले. चौथ्या दुपारी वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. पानभर रेघा ओढल्या होत्या. लाल मणी किती पडले, पिवळे किती, हिरवे किती. प्रत्येक खेळाचं वेगळं पान.

"ताई, निळा येत नाही."

"येतो, मास्तर. नशिबाचा भाग असतो."

"पत्त्यात नशीब असतं. पण पत्ते पिसलेले असले तर." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हे पिसलेले नाहीत. सुरुवातीला निळे येतात, चांगले येतात. एक राहिला की बंद. दर वेळी. कोणीतरी हात धरतंय."

मी पडद्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला तसं वाटतंय."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते का, ते मला सांगता येणार नाही, कारण मी वर बघितलंच नाही. मग त्यांनी तिथंच उभं राहून वहीत एक ओळ लिहिली, वही मिटली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ते गेल्यावर मी वाचली. "चौतीस. हरलो. माझी चूक नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा चहा केला, पाणी भरलं, पण दुपारी खेळायला बसले नाहीत. केतनभाईंनी बोलावलं तर म्हणाले, "डोळे दुखतात." ट्रकही चालवला नाही. रागावले नाहीत, बोलणं तोडलं नाही. माझ्या चहात साखर कमी लागते हे लक्षात ठेवून चहा देत राहिले. गेम बाजारात आला, लोक खेळायला लागले, चौतिसाव्या लेव्हलवर अडकायला लागले, आणि आमचे पगार वेळेवर झाले.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. एरवी ते कधी बसायचे नाहीत. खिशातून एक मोबाइल काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मागं देवीचं चित्र चिकटवलेला, काच तडकलेली. गेम उघडा होता. माझाच. चौतिसावी लेव्हल.

"कोणाचा?"

"हिचा."

ही म्हणजे सिंधूबाई, त्यांची बायको. गुडघे गेल्यामुळे त्या बहुतेक घरातच असायच्या. तीस वर्षं त्यांनी घरी बसून साड्यांना मणी लावले होते. शेजारणीच्या मुलीनं हा गेम त्यांना मोबाइलवर घालून दिला, आणि सिंधूबाई एका आठवड्यात तेहतीस लेव्हली पार करून गेल्या. मास्तरांना त्यांनी सांगितलं नव्हतं. सगळ्या झाल्या की एकदम दाखवायच्या होत्या.

"तीन हप्ते झाले, अडकलीय," मास्तर म्हणाले. आवाज त्यांच्या मानानं खाली होता. "मला काल कळलं. ताई, हिची आई शेवटी सगळं विसरली होती. माणसं विसरली, जेवलेलं विसरली, घराचा रस्ता विसरली. हिला वाटतं आपलंही तेच सुरू झालं. म्हणते, आयुष्यभर मणी लावले आणि आता एक मणी लावता येत नाही. बाजारात एकटी जायची सोडली. म्हणते, परत यायचं सुचलं नाही तर? किल्ली शेजारी देऊन ठेवते. मी सांगितलं, तुझी चूक नाही. तर म्हणते, तुम्ही माझं मन राखता."

मी मोबाइल पालथा ठेवला.

"तुम्ही चला," ते म्हणाले. "तुम्ही केलंय, तुम्ही सांगा."

मी त्याच दुपारी गेले. कोसाडच्या वसाहतीतल्या त्यांच्या घरापर्यंत बसनं तासभर लागला. मास्तर पुढच्या सीटवर बसले होते. उतरताना "पायरी उंच आहे, जपून," म्हणाले.

तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. सिंधूबाई खाटेवर बसल्या होत्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"हाई कोनी पोर शे?" त्यांनी मास्तरांना विचारलं. ही कोणाची मुलगी, म्हणून.

"ऑफिसमधली ताई शे. तुले काही सांगाले उनी."

"बठ माय, उभी कसाले?"

मी खाटेच्या कडेला बसले. बसमध्ये मी वाक्यं जुळवून ठेवली होती. कंपनी, पद्धत, सगळीकडे असंच असतं, वगैरे. त्यांच्या मांडीवरचे हात बघितले, सुईनं टोचून टोचून काळी पडलेली बोटं, आणि त्यातलं एकही वाक्य राहिलं नाही.

"मावशी, तो मण्यांचा गेम मी बनवलाय," मी म्हणाले. "चौतिसाव्या लेव्हलला निळा मणी येत नाही, कारण तो मीच अडवलाय. कितीही हुशार माणूस बसला तरी तो येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

त्यांनी विचारलं, "कसाले?"

एवढाच प्रश्न. कशासाठी.

"तुम्ही चिडावं म्हणून. चिडून परत परत खेळावं म्हणून."

सिंधूबाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर दाराशी उभे होते, जमिनीकडे बघत. मग त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग मन्हं डोकं बरं शे?"

"एकदम बरं आहे, मावशी. तेहतीस लेव्हली आठवड्यात कोणी केल्या नाहीत. आमच्या ऑफिसातसुद्धा नाहीत."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे नुसते ओठ हलत होते, जसं काही मागचे तीन आठवडे एकेक दिवस करून परत तपासत होत्या. मग त्यांनी खाटेचा काठ धरला आणि उठल्या.

"चहाले दूध नही," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातली पिशवी घेतली.

मास्तर पुढं झाले. "मी आणतो."

"तुम्ही बठा. मी लई येस."

दूध आणायला त्या स्वतःच गेल्या. गुडघ्यांमुळे एकेक पाय टाकत, भिंतीला हात लावत, दारातून बाहेर, वळून दिसेनाशा झाल्या. मास्तर खाटेवर बसले. मी स्टुलावर. दुकान किती लांब आहे ते मी विचारलं. "पाच मिनिटं. हिला दहा," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली. बारा झाली. मास्तर उठून दाराशी गेले, पण उंबरठा ओलांडला नाही. एक हात चौकटीवर ठेवून उभे राहिले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि चौकटीवर ते मधलं बोट, एकसारखं टकटक करणारं. जाऊन बघू का, असं मी विचारलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

वीसेक मिनिटांनी सिंधूबाई आल्या. पिशवीत दूध होतं आणि मेथीची जुडी होती. दारात पाऊल टाकायच्या आधीच त्या मेथीवाल्याविषयी बोलायला लागल्या होत्या. तो वरची जुडी चांगली ठेवतो आणि खालून शिळी देतो, मी सगळ्या उलथून बघितल्या, मला फसवतो का मेला. मास्तर बाजूला झाले. त्यांनी पिशवी घेतली नाही, काही विचारलं नाही. नुसते स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पातेलं शोधायला लागले, आणि रोज ऑफिसात सहा जणांचा चहा करणाऱ्या त्या माणसाला आपल्या घरातलं पातेलं सापडेना.

निघताना सिंधूबाईंनी माझा हात धरला. आता त्या रागावलेल्या होत्या. "तीन हप्ता माले झोप नही," त्या म्हणाल्या. "कोनले सांगू?" आणि मग, हात न सोडता, "तो मनी सोड."

दुसऱ्या दिवशी मी केतनभाईंकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'अरे राम' म्हणाले, आणि मग तेच म्हणाले जे मी दोन महिने स्वतःला सांगत होते. "आ तो बधा करे छे, शुभांगीबेन. सगळेच करतात, तर आपण एकट्यानं नाही केलं म्हणून काय फरक पडतो?"

मास्तर चहा घेऊन आत आले होते. केतनभाईंनी कप घेतला आणि त्यांनाच मत विचारलं, "काका, तमे शुं कहो छो?"

मास्तर ट्रे छातीशी धरून उभे राहिले. "शेठ, दुधात पाणी घालणारा पाणी घालतो. सांगत नाही, ठीक आहे, धंदा आहे. पण तो गिऱ्हाइकाला असं म्हणत नाही, की दूध चांगलं आहे, तुझी जीभ बिघडली."

केतनभाईंनी न पिताच कप खाली ठेवला. एक महिना मणी सोडून बघू, असं शेवटी ठरलं. मी त्याच दिवशी तोटी काढली.

पुढं काय झालं ते खरं सांगते. लोक चौतिसावी लेव्हल पार करून गेले, भराभर साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत पोचले आणि गेम संपला म्हणून निघून गेले. काहींनी छान छान लिहिलं. नव्या लेव्हली बांधायला आमच्याकडे माणसं नव्हती. वर्षाच्या आत केतनभाईंनी गेम सोडून लग्नपत्रिका बनवायचं ॲप काढलं आणि ते बरं चाललं. मला दुसरीकडे नोकरी मिळाली. तिथंही गेमच आहेत, तिथंही तोट्या आहेत, आणि प्रत्येक तोटी मला काढता आलेली नाही. एक मात्र मी करते. कोणी अडकला आणि चूक त्याची नसली, तर तिथं 'पुन्हा प्रयत्न करा' असं मी लिहू देत नाही. त्यावरून माझी भांडणं होतात.

तोटी काढल्यानंतर मास्तर पुन्हा दुपारी खेळायला बसायला लागले होते. मला ताई म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं. पोरी म्हणायला लागले. "पोरी, ही लेव्हल फार सोपी केली तू. लोकांना लाज वाटेल." ऑफिसात ॲपचं काम सुरू झालं तेव्हा तेही निघाले. लग्नपत्रिकेत हरण्या-जिंकण्यासारखं काही नसतं, म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. डुमस रोडकडच्या एका मॉलमध्ये मी रविवारी कपडे घ्यायला गेले होते. वरच्या मजल्यावर गेम झोन आहे, तिथं गाड्यांच्या शर्यतीच्या मशिनी, खऱ्या सीटच्या, खऱ्या स्टिअरिंगच्या. दोन मशिनी शेजारी शेजारी. एकीत मास्तर बसले होते, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. दुसरीत सिंधूबाई. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पदर कमरेला खोचलेला, पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते म्हणून सीटच्या पार टोकाला सरकलेल्या. त्यांची गाडी उलट्या दिशेनं चालली होती. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना ठोकत, कठड्याला घासत, गवतातून, पुन्हा रस्त्यावर. पडद्यावर लाल अक्षरं चमकत होती आणि सिंधूबाई तोंडावर हात धरून हसत होत्या, मग घाईनं तो हात काढून पुन्हा स्टिअरिंगला लावत होत्या. मास्तरांचा स्वतःचा खेळ केव्हाच संपला होता. ते आपल्या सीटमधून कलून बायकोचा पडदा बघत होते.

मी सरकत्या जिन्यापाशी उभी राहिले. जावं, बोलावं, असं वाटलं, पण गेले नाही. सिंधूबाईंची गाडी शेवटी एका भिंतीवर जाऊन थांबली. मशिन सांभाळणारा माणूस वेळ संपली म्हणून सांगायला जवळ आला आणि म्हणाला, "काकी, पूरुं थई गयुं." मागं लोक रांगेत उभे होते. सिंधूबाई उठल्या नाहीत. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

मास्तरांनी त्या माणसाकडे मान वळवली आणि एक बोट वर केलं. अजून एकदा.